लष्करी अधिकाऱ्यांचा पगार आणि बढती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात निवृत्त लष्करी अधिकारी म्हणून राहायचं म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणं आलंच. खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जाऊ पाहणारी मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, सोसायटीतले शेजारी विचारतात आणि लग्नसराईत वधूपितेही विचारतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. सगळं भूदलाच्या कमिशन्ड अधिकाऱ्यांबद्दल आहे. नौदल आणि हवाई दल एका प्रश्नात उरकलं आहे. आकडे सातव्या वेतन आयोगाचे, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले.

कमिशन म्हणजे काय? सुभेदारसाहेबही अधिकारीच ना?

सुभेदार हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. शिपाई म्हणून भरती होऊन, वर्षानुवर्षं घासून ते तिथवर येतात. या पानावर ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते राष्ट्रपतींकडून कमिशन मिळालेले अधिकारी. त्यांची नेमणूक भारताच्या राजपत्रात छापून येते आणि सुरुवात लेफ्टनंटपासून होते. पूर्वी त्याखाली सेकंड लेफ्टनंट हे पद होतं, ते आता नाही. दोघांचे वेतननियम वेगळे, बढतीचे नियमही वेगळे.

एनडीएत गेल्या दिवसापासून पगार सुरू होतो का?

नाही. खडकवासल्याच्या तीन वर्षांत पगार नसतो. त्यानंतर डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत जे वर्षभराचं प्रशिक्षण असतं, त्या काळात दरमहा ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतल्या कॅडेटलाही तेवढाच. हा पगार नव्हे. प्रशिक्षणाचा काळ कमिशन्ड सेवेत धरला जात नाही, त्यामुळे बढतीचं घड्याळ खांद्यावर तारे लागल्याच्या दिवशी सुरू होतं. मात्र कमिशन मिळाल्यावर प्रशिक्षणकाळातले देय भत्ते थकबाकी म्हणून हातात पडतात. पहिल्या रजेवर येणारा लेफ्टनंट घरच्यांसाठी इतक्या पिशव्या भरून का आणतो, त्याचं हे उत्तर.

लेफ्टनंटच्या हातात किती येतात?

मूळ वेतन ५६,१००. ही वेतन तक्त्यातल्या लेव्हल १०ची पहिली पायरी, आणि नवा आयएएस अधिकारीही इथूनच सुरू होतो. त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे, ज्याला सगळे एमएसपी म्हणतात, १५,५००. दोन्ही मिळून ७१,६००. या बेरजेवर महागाई भत्ता. तो १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला, म्हणजे ४१,५२८. आतापर्यंत १,१३,१२८ झाले.

सरकारी घर मिळालं नाही तर घरभाडे भत्ता. पुणे-मुंबई एक्स वर्गात, तिथे ३० टक्के. नागपूर-नाशिक वाय वर्गात, तिथे २० टक्के. पण तो फक्त मूळ वेतनावर, एमएसपीवर नाही. वाहतूक भत्ता मोठ्या शहरांत ७,२०० आणि इतरत्र ३,६००, दोन्हीवर महागाई भत्ता वेगळा. मुंबई, पुणे आणि नागपूर तिन्ही त्या मोठ्या शहरांच्या यादीत आहेत.

आता वजाबाकी. प्राप्तिकर सगळ्यांसारखाच बसतो. 'फौजेला टॅक्स नसतो' हे कुणी पसरवलं कोण जाणे. भविष्य निर्वाह निधीत किमान ६ टक्के टाकावेच लागतात, बहुतेक जण जास्त टाकतात. गटविम्याचा हप्ता आणि मेसचं बिल आहेच. अविवाहित लेफ्टनंटचं मेसबिल हा वेतन आयोगाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे.

एमएसपी कशासाठी? आणि सगळ्यांना मिळतो का?

लष्करी नोकरीत ज्या गोष्टी नागरी नोकरीत नाहीत (घरापासून दूर राहणं, लवकर निवृत्ती, कडक कायदा आणि जिवाचा धोका), त्यांच्यासाठीचं हे वेतन. सहाव्या आयोगाने ते सुरू केलं तेव्हा अधिकाऱ्यांना ६,००० होते, सातव्याने १५,५०० केले. लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत सगळ्यांना तेवढेच. पेन्शनच्या हिशेबात ते धरलं जातं, वार्षिक वाढीच्या हिशेबात धरलं जात नाही.

मेजर जनरल झालं की एमएसपी बंद. ब्रिगेडियरचं किमान मूळ वेतन १,३९,६०० आणि वर १५,५००; मेजर जनरलचं किमान १,४४,२००. नुसती बेरीज केली तर बढती मिळाल्यावर पगार उतरतो. म्हणून या बढतीच्या वेळी वेतननिश्चिती करताना गेलेला एमएसपी हिशेबात धरावा लागतो.

पदांप्रमाणे मूळ वेतन सांगा ना.

लेफ्टनंट लेव्हल १०, ५६,१०० पासून. कॅप्टन लेव्हल १०बी, ६१,३०० पासून. मेजर लेव्हल ११, ६९,४०० पासून. लेफ्टनंट कर्नल लेव्हल १२ए, १,२१,२०० पासून. कर्नल लेव्हल १३, १,३०,६०० पासून. ब्रिगेडियर आणि मेजर जनरल वर आलेच. लेफ्टनंट जनरल लेव्हल १५, १,८२,२०० पासून, आणि त्यांच्यातल्याच काहींना लेव्हल १६. उपसेनाप्रमुख आणि आर्मी कमांडर यांना ठरावीक २,२५,०००, सेनाप्रमुखांना ठरावीक २,५०,०००.

ही यादी पुन्हा एकदा वाचा आणि मेजरवरून लेफ्टनंट कर्नलवर जाताना थांबा. एवढी मोठी उडी दुसरीकडे कुठेच नाही. पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं या एका उडीत आहेत.

वार्षिक वाढ कधी लागते? बढतीला पगार कसा ठरतो?

वाढ वर्षातून एकदा, साधारण ३ टक्के, १ जानेवारीला किंवा १ जुलैला. २ जानेवारी ते १ जुलै या काळात नेमणूक किंवा बढती झाली असेल तर वाढ १ जानेवारीला, उरलेल्या सहा महिन्यांत झाली असेल तर १ जुलैला. बढतीच्या वेळी आधी जुन्या लेव्हलमध्ये एक वाढ द्यायची, मग नव्या लेव्हलमध्ये तेवढीच रक्कम शोधायची. नसेल तर तिच्या लगेच वरची पायरी.

उदाहरण घेऊ. एक पोरगा डिसेंबर २०२२च्या परेडला कमिशन झाला. मूळ वेतन ५६,१००. जुलै २०२३ला ५७,८००, जुलै २०२४ला ५९,५००. डिसेंबर २०२४ला दोन वर्षं भरली आणि तो कॅप्टन झाला: जुन्या लेव्हलमध्ये एक वाढ म्हणजे ६१,३००, १०बीमध्ये नेमकी तीच पायरी आहे, म्हणून ६१,३००. पुढे दर जुलैला एक पायरी चढत जुलै २०२८ला ६९,०००. डिसेंबर २०२८ला सहा वर्षं, मेजर: एक वाढ ७१,१००, लेव्हल ११मध्ये ती रक्कम नाही, वरची पायरी ७१,५००. मग पुन्हा दर जुलैला एक-एक पायरी, जुलै २०३५ला ८७,९००. आणि डिसेंबर २०३५ला तेरा वर्षं पूर्ण झाली की लेफ्टनंट कर्नल. लेव्हल १२ए सुरूच १,२१,२००वर होते, म्हणून थेट १,२१,२००. एका रात्रीत मूळ वेतनात ३३,३०० रुपयांची भर.

(मधे आठवा आयोग लागला की हे सगळे आकडे बदलतील. पण सध्याच्या तक्त्यात पायऱ्या कशा चढतात ते यावरून कळतं.)

वेतननिश्चिती बढतीच्या तारखेपासून हवी की पुढच्या वार्षिक वाढीच्या तारखेपासून, हा पर्याय अधिकाऱ्याला असतो. हा पर्याय मुदतीत कळवावा लागतो. उंच ठाण्यावर बसलेल्या तरुण मेजरला कागद भरण्याची शुद्ध नसते आणि मग वर्षानुवर्षं बॅचमेटपेक्षा एक पायरी खाली राहतो. असे दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. कागद भरा.

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती आपोआप मिळते?

जवळजवळ. कॅप्टन २ वर्षांनी, मेजर ६ वर्षांनी, लेफ्टनंट कर्नल १३ वर्षांनी. याला टाइम स्केल म्हणतात. जागा रिकामी असण्याची अट नाही, कुणाशी स्पर्धाही नाही. पण अटी आहेत. पार्ट बी आणि पार्ट डी या बढतीच्या परीक्षा पास व्हाव्या लागतात. वैद्यकीय श्रेणी आणि गोपनीय अहवालही चालण्याजोगे लागतात. शिस्तभंगाची चौकशी चालू असेल तर गाडी तिथेच थांबते.

हे वेळापत्रक डिसेंबर २००४ पासूनचं. कारगिलनंतर असं बोललं जाऊ लागलं की आपल्या पलटणींचे कमांडिंग ऑफिसर डोंगरावर चढाई करायला वयाने फार मोठे आहेत. माजी संरक्षण सचिव अजय विक्रम सिंह यांची समिती बसली आणि तिच्या शिफारशींनी खालची पदं लवकर मिळू लागली. आधी मेजर व्हायला ११ वर्षं लागत आणि टाइम स्केल लेफ्टनंट कर्नल व्हायला २०. आमच्या वरच्या पिढीला आजच्या तरुणांचा जरा हेवा वाटतो, तो यामुळे.

मग कर्नल कसं व्हायचं?

इथे घड्याळ थांबतं आणि चाळण सुरू होते. कर्नलपासून पुढची सगळी पदं निवडीने मिळतात: कर्नलसाठी किमान १५ वर्षं कमिशन्ड सेवा, ब्रिगेडियरसाठी २३, मेजर जनरलसाठी २५, लेफ्टनंट जनरलसाठी २८. किमान म्हणजे पात्रता. तेवढी वर्षं भरली म्हणून पद मिळत नाही.

निवड बोर्ड करतं. कर्नलसाठी नंबर ३ सिलेक्शन बोर्ड, ब्रिगेडियरसाठी नंबर २, मेजर जनरलसाठी नंबर १ आणि त्यावर स्पेशल सिलेक्शन बोर्ड. एका वर्षाची बॅच एकत्र बोर्डापुढे येते, तीही आपापल्या दलात: पायदळवाला पायदळाशी, सिग्नल्सवाला सिग्नल्सशी. बोर्डाच्या सदस्यांपुढे अधिकाऱ्याची कागदावरची सगळी कारकीर्द असते, पण नाव झाकलेलं असतं. २००९ पासून गुणांची पद्धत आहे: १०० पैकी ९५ गुण गोपनीय अहवाल, कोर्स आणि पदकं यांतून आकड्याने निघतात, उरलेले ५ बोर्ड आपल्या मताने देतं. पाच म्हणजे काहीच नाही असं बाहेरच्याला वाटतं. पण अख्खी बॅच दशांशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरात खेटून उभी असते, तिथे पाच म्हणजे पाच कोस.

संधी तीन. पहिल्यांदा 'फ्रेश', मग 'फर्स्ट रिव्ह्यू', मग 'फायनल रिव्ह्यू'. तिन्हींत नाव आलं नाही की तो अधिकारी सुपरसीड झाला. रिव्ह्यूमध्ये निवड झाली तर पद मिळतं, पण ज्येष्ठता पुढच्या बॅचबरोबर जाते.

सगळ्या दलांना सारख्या जागा असतात का?

नाहीत, आणि यावर बरंच रण माजलं. पायदळ आणि तोफखान्यात कमांडिंग ऑफिसर तरुण हवा म्हणून कमांडचा काळ लहान ठेवायचा, आणि त्यासाठी कर्नलच्या जागा तिथे जास्त द्यायच्या, असं २००९चं धोरण होतं. बाकीच्या दलांचे अधिकारी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये धोरण उचलून धरलं, पण कॉम्बॅट सपोर्ट, म्हणजे लढणाऱ्यांना पाठबळ देणाऱ्या, दलांसाठी कर्नलच्या १४१ जादा जागा निर्माण करायला सांगितलं. अकॅडमीत कोणतं दल मागायचं हे ठरवताना एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात यातलं काही नसतं. तिथे टोपीवरचा तुरा बघून पसंती दिली जाते. मीही तशीच दिली होती.

गोपनीय अहवाल कोण लिहितं? तो बघायला मिळतो का?

पहिला अहवाल थेट वरिष्ठ लिहितो (इनिशिएटिंग ऑफिसर), त्यावर रिव्ह्यूइंग आणि मग सीनिअर रिव्ह्यूइंग ऑफिसर. गुण १ ते ९. ९ म्हणजे असामान्य, ८ आणि ७ म्हणजे सरासरीहून वर. पहिल्या अधिकाऱ्याच्या अहवालाचा काही भाग वाचून त्यावर सही करावी लागते. वरच्या दोघांनी काय लिहिलं ते दिसत नाही.

नवख्याला वाटतं ८ म्हणजे छान. शाळेच्या हिशेबाने छानच. पण जिथे बहुतेकांना ८ आणि ९ पडतात, तिथे एखादा ७ मुकाट्याने दहा वर्षांनी घात करतो. बोर्डाला सगळ्यात जास्त रस असतो तो कमांडच्या काळातल्या अहवालांत. कंपनी किंवा पलटण हाताळताना काय केलं, ते. कार्यालयात बसून मिळवलेले ९ तितके वजनदार नसतात.

कर्नल झालं नाही तर पैशांचं किती नुकसान?

हा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण विचारायलाच हवा, कारण उत्तर अनपेक्षित आहे.

वरच्याच पोराला पुढे नेऊ. डिसेंबर २०३५ला लेफ्टनंट कर्नल, १,२१,२००. जुलै २०३८ला तो १,३२,४००वर पोचला. समजा त्याच डिसेंबरात, १६ वर्षांच्या सेवेला, तो निवडीने कर्नल झाला. एक वाढ १,३६,४००, लेव्हल १३मध्ये त्याच्या वरची पायरी १,३८,५००. फायदा ६,१०० रुपये. त्याच्या शेजारच्या खोलीतला, निवड न झालेला बॅचमेट १,३२,४००वरच राहिला. एमएसपी दोघांनाही तेवढाच.

म्हणजे घड्याळाने दिलेली बढती ३३,३००ची आणि अख्खी कारकीर्द पणाला लावून मिळवलेली बढती ६,१००ची. शिवाय निवड न झालेल्यालाही २६ वर्षं झाली की टाइम स्केलने कर्नल पद मिळतं आणि वेतन त्याच लेव्हल १३चं. खांद्यावरची चिन्हं तीच. फक्त काम लेफ्टनंट कर्नलचं राहतं, पलटणीची कमांड मिळत नाही. कंसात टीएस लिहितात, तो कंस बाहेरच्यांना दिसत नाही, आतल्यांना त्याशिवाय काही दिसत नाही.

तेव्हा जाते ती कमांड, पैसा नव्हे. आठशे माणसं ज्याला 'सीओ साब' म्हणतात ती खुर्ची. त्यासाठी माणूस वीस वर्षं धावलेला असतो, म्हणून निकालाच्या दिवशी घरात जेवण होत नाही. आमच्याकडे दोनदा झालं नव्हतं. तिसऱ्या वेळी बायकोने मुद्दाम पुरणपोळी केली होती. निकाल तोच लागला, पोळ्या मात्र खाल्ल्या.

आणि निवृत्तीचं वय?

इथे पैशाचाही फरक पडतो. बहुतेक शाखांत कर्नलपर्यंत ५४, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. चोपन्नाव्या वर्षी मुलीचं शिक्षण चालू असतं, घराचे हप्ते चालू असतात. पेन्शनसाठी अधिकाऱ्याला २० वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मी, एमएसपी धरून. राष्ट्रीय पेन्शन योजना सैन्यदलांना लागू नाही, जुनीच पद्धत आहे, आणि १ जुलै २०१४ पासून वन रँक वन पेन्शन, म्हणजे कधीही निवृत्त झालं तरी त्याच पदाला आणि तेवढ्याच सेवेला सारखी पेन्शन. टीएस कर्नलच्या पेन्शनचा पाया लेव्हल १३ असतो, म्हणून सुपरसीड झालेले अनेक जण २६ वर्षं भरेपर्यंत थांबतात. काही जण मात्र वीस भरताच अर्ज टाकून बाहेर पडतात. दोघांचंही मला पटतं.

निवडीत अन्याय झाला असं वाटलं तर?

आधी नॉन-स्टॅच्युटरी तक्रार, तिथे दाद मिळाली नाही तर लष्कर कायदा १९५०च्या कलम २७खाली केंद्र सरकारकडे वैधानिक तक्रार. बहुतेक तक्रारींत मागणी असते एखादा अहवाल रद्द करण्याची. रद्द झाला तर नव्याने बोर्ड होतं. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७चा, काम २००९ला सुरू झालं, मुंबईतही खंडपीठ आहे. न्यायाधिकरण स्वतः कुणाला कर्नल करत नाही, फेरविचार करायला लावतं. आणि तारखा पडत असताना निवृत्तीचं वय थांबत नसतं, हे वकिलाकडे जाण्याआधी लक्षात घ्यावं.

नागरी अधिकाऱ्यांना जागा नसतानाही वरचा पगार मिळतो म्हणे. लष्कराला का नाही?

तुम्ही एनएफयूबद्दल (नॉन-फंक्शनल अपग्रेडेशन) विचारताय. सहाव्या आयोगानंतर केंद्राच्या गट अ नागरी सेवांना ही सोय मिळाली: आयएएसची एखादी बॅच केंद्रात एका पदावर पोचली की दोन वर्षं ज्येष्ठ असलेल्या इतर सेवांच्या अधिकाऱ्यांना पद न मिळताही तो पगार. लष्कराला ती दिली नाही. सातव्या आयोगातही यावर फूट पडली. अध्यक्ष न्यायमूर्ती अशोक माथूर यांचं मत ती लष्करालाही द्यावी असं होतं, बाकीचे दोन सदस्य ती सगळ्यांचीच काढून घ्या म्हणत होते. ज्या संस्थेत बहुतेकांना जागेअभावीच थांबावं लागतं, तिलाच ही सोय नाही, हे मला आजही पचत नाही.

महिला अधिकाऱ्यांना वेगळे नियम?

पगारात कधीच फरक नव्हता. अडचण बढतीची होती: बहुतेक शाखांत कायम कमिशनच नव्हतं, तर कर्नलचं बोर्ड कुठून येणार? १७ फेब्रुवारी २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दार उघडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये पाच महिला अधिकारी २६ वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केल कर्नल झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये १०८ जागांसाठी खास नंबर ३ बोर्ड बसलं, त्यात २४४ जणींचा विचार झाला. वैद्यकीय सेवेत वाट आधीच मोकळी होती. पुण्याच्या एएफएमसीतून (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून) शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. आणि ३० मे २०२५ला खडकवासल्याच्या परेडमधून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. त्यांच्या बॅचचं बोर्ड मुलांच्या बरोबरीनेच होईल.

सर्वांत ज्येष्ठ असेल तोच सेनाप्रमुख होतो ना?

बहुधा, पण तसा नियम नाही. १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ असताना अरुणकुमार वैद्य यांची निवड झाली आणि सिन्हांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये दोघांना ओलांडून बिपिन रावत आले. सेनाप्रमुखाची मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी येईल ते. म्हणून वरच्या पातळीवर जन्मतारीख हीसुद्धा पात्रता होते. जनरल व्ही. के. सिंह यांचं जन्मवर्ष १९५० की १९५१ हा वाद २०१२ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. नागपूरच्या जनरल मनोज पांडे यांना मे २०२४ मध्ये एक महिन्याची मुदतवाढ मिळाली, तीही चर्चेची झाली.

शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचं काय?

मुदत १० वर्षं, हवी तर आणखी ४. पगार आणि टाइम स्केल तेच, म्हणजे चौदा वर्षं केली तर लेफ्टनंट कर्नल होऊन बाहेर पडता येतं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. मधे कायम कमिशनसाठी निवड होते.

आमच्या गावातले कॅप्टनसाहेब पन्नाशीला कॅप्टन झाले आणि शेजारचा पोरगा चोविशीत. हे कसं?

सातारा जिल्ह्यातून हा प्रश्न फार येतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत तर घरटी एखादा फौजी. तुमचे कॅप्टनसाहेब ऑनररी कॅप्टन आहेत. उत्कृष्ट सेवा झालेल्या सुभेदार-सुभेदार मेजरांना प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी ऑनररी लेफ्टनंट किंवा कॅप्टन हे पद जाहीर होतं. शिपाई म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला त्याहून मोठा मान नाही. पोरगा कॅप्टन झाला दोन वर्षांत, घड्याळाने; कॅप्टनसाहेबांना अठ्ठावीस-तीस वर्षं लागली. गावाने कुणाला आधी खुर्ची द्यायची ते गावाला बरोबर कळतं.

सचिन तेंडुलकर हवाई दलात ग्रुप कॅप्टन आहेत, तो प्रकार आणखी वेगळा. तो निव्वळ सन्मान. पगार-बढतीच्या तक्त्याशी त्याचा संबंध नाही.

नौदलातला कॅप्टन आणि सैन्यातला कॅप्टन सारखेच?

मुळीच नाही. नौदलातला कॅप्टन म्हणजे आपला कर्नल, हवाई दलात ग्रुप कॅप्टन. सैन्यातल्या कॅप्टनच्या बरोबरीला नौदलात लेफ्टनंट आणि हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट. वेतनलेव्हल तिन्ही दलांत सारख्या.

सियाचेनला गेल्यावर किती जास्त मिळतात?

२०१७ मध्ये ठरलेला अधिकाऱ्यांचा दर महिना ४२,५०० रुपये. धोका आणि कष्ट यांच्या तक्त्यात ही सर्वांत वरची चौकट आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला की असे दर २५ टक्क्यांनी वाढावेत अशी तरतूद आहे. इतर फील्ड भागांचे भत्ते बरेच खाली आहेत. वर्दीचा भत्ता वर्षातून एकदा, जुलैत. डॉक्टरांना मूळ वेतनाच्या २० टक्के नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता.

पगार येतो कुठून?

पुण्यातून! अधिकारी लेहला असो वा तवांगला, भूदलाच्या अधिकाऱ्यांची वेतनखाती पुण्यातल्या प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक (अधिकारी) या कार्यालयात सांभाळली जातात. गोळीबार मैदानाजवळून रोज जाणाऱ्या पुणेकरालाही हे ठाऊक नसतं.

आठव्या आयोगात काय होईल?

आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली, कार्यकक्षा २८ ऑक्टोबर २०२५ला मंजूर झाली, अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत आणि अहवालासाठी १८ महिने दिले आहेत. फोनवर फिरणारे फिटमेंटचे (जुनं वेतन कितीने गुणून नवं ठरेल त्याचे) तक्ते कुणीतरी घरी बसून केलेले असतात. त्यावर गृहकर्ज काढू नका.

मुलीसाठी स्थळ आलंय. मुलगा ३२ वर्षांचा, सैन्यात कर्नल आहे म्हणतात. पगार किती असेल?

पगार राहू द्या, आधी वजाबाकी करा. कमिशन लवकरात लवकर एकविशी-बाविशीत मिळतं. कर्नलच्या निवडीसाठी किमान १५ वर्षं. म्हणजे छत्तीस-सदतिशीच्या आत कुणी कर्नल होत नाही. बत्तिशीचा अधिकारी मेजर असतो, आणि मेजर हे उत्तम स्थळ आहे. पण हा स्वतःला कर्नल म्हणवत असेल तर पोहे खाऊ घाला, चहा द्या आणि याद्या करायला बसू नका.